म्युनिकहून थर्मल हॉटेल निवडताना: तीन पिढ्या, एक वीकेंड

हे कुटुंब म्युनिकच्या पूर्व भागात राहतं. लेक आणि जावई दोघंही आयटीत, त्यांची आठ वर्षांची मुलगी, आणि डिसेंबरात सांगलीहून आलेले लेकीचे आई-बाबा. ख्रिसमस मार्केट, मारिएनप्लाट्झ, साल्झबर्गची एक दिवसाची फेरी हे सगळं पहिल्या महिन्यातच उरकलं. जानेवारीत उणे तापमान सुरू झालं आणि सगळेच घरात अडकले. बाबा दिवसभर हीटरला पाठ लावून बसायचे, आईंचे गुडघे थंडीने धरायचे, आणि नातीला शाळेतून आल्यावर कुणीतरी बाहेर न्यावं असं वाटायचं, पण बाहेर जायला कुणीच तयार नसायचं. लेकीने ठरवलं: फेब्रुवारीत एक वीकेंड गरम पाण्याच्या गावी काढायचा. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार, दोन रात्री.

माझ्याकडे विषय आला तो चार ठिकाणांची यादी घेऊनच. जावयाला ऑस्ट्रियातल्या डोंगरातलं बाड गास्टाइन हवं होतं, लेकीला बाडन-बाडन, नातीला एर्डिंग. चौथं नाव बाड फ्युसिंग. ते ऑफिसातल्या एका वयस्कर बाईंनी सुचवलं होतं आणि घरात कुणालाच त्याचा उत्साह नव्हता. आई-बाबांना कुणी विचारलं नव्हतं. "तुम्ही न्याल तिथे येऊ" हे त्यांचं उत्तर सगळ्यांना पाठ असल्यामुळे बहुधा.

यादी बघण्याआधी मी दोन प्रश्न विचारले. बाबांची तब्येत नेमकी कशी आहे? आणि आई पाण्यात उतरणार आहेत का?

पहिल्याचं उत्तर असं निघालं की बाबा 68 वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, एक स्टेंट, बीपीची गोळी रोजची. चालणं-फिरणं व्यवस्थित. दुसऱ्याचं उत्तर आईंनीच दिलं: "बायकांचं वेगळं असेल ना?" त्यांचं माहेर संगमेश्वराकडचं. मुंबई-गोवा हायवेवरच्या आरवलीचे गरम झरे त्यांना लहानपणापासून माहीत. त्यांच्या हिशेबात गरम पाणी म्हणजे कुंड, आणि कुंड म्हणजे बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. जर्मनीत पूल सगळ्यांचा एकच असतो, आणि सौना म्हणजे गरम हवेच्या खोल्यांच्या विभागात तर बायका-पुरुष एकत्र, अंगावर कपडा न ठेवता बसतात. हे सांगितल्यावर आई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पूल ठीक आहे. ते दुसरं मला दिसायलासुद्धा नको."

या दोन उत्तरांनी निम्मं काम झालं.

बाबांच्या डॉक्टरांना सांगलीला फोन लावला. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण अटी स्पष्ट घातल्या. पाणी फार गरम नको, शरीराच्या तापमानाच्या खालीच. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. पाणी छातीच्या खाली राहील असं उभं राहायचं किंवा बसायचं. सौना नाही आणि गार पाण्याच्या हौदात तर अजिबात जायचं नाही. बाहेर आल्यावर अर्धा तास आडवं पडायचं आणि पाणी प्यायचं. कारणही सोपं करून सांगितलं. गळ्यापर्यंत पाण्यात बसलं की पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदयाला जास्त रक्त हाताळावं लागतं. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. माणूस पाण्यातून झटकन बाहेर येऊन उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीच्या गोळीवर असलेल्याला तर जास्तच सहज.

आणखी एक गोष्ट लेकीच्या लक्षात आणून द्यावी लागली. शेंगेन व्हिसासाठी काढलेला किमान 30,000 युरोंचा विमा असतो खरा, पण आधीपासून असलेल्या आजाराबद्दलची त्याची कलमं वाचण्यासारखी असतात. तिने ती रात्री बसून वाचली आणि दुसऱ्या दिवशी बाडन-बाडनचा हट्ट आपणच सोडला. तिथला सगळा थाट फ्रीडरिशबाडचा, म्हणजे 1877 मध्ये उघडलेल्या त्या घुमटाच्या स्नानगृहाचा. त्यात गरम हवेच्या खोल्यांपासून शेवटच्या गार पाण्यापर्यंत ठरलेल्या क्रमाने, विवस्त्र जायचं असतं. म्हणजे बाबांना डॉक्टरांमुळे बंद, आईंना स्वतःमुळे बंद आणि नातीला वयामुळे बंद. शेजारचं काराकाला थर्मं (थर्मं म्हणजे गरम पाण्याचं स्नानगृह) पोहण्याच्या कपड्यांचं आहे, आठ वर्षांच्या मुलीला पालकांबरोबर तिथे जाताही येतं. पण तेवढ्यासाठी म्युनिकहून साडेतीन-चार तास जायचं आणि तेवढेच परत यायचं, दोन रात्रींसाठी, हे कुणालाच पटेना. बाडन-बाडन 2021 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, गाव देखणं आहे, हे सगळं खरं. ते बघायला मे महिन्यात जावं.

एर्डिंगबद्दल नातीशी वाद घालणं कठीण होतं. म्युनिकहून एस-बान, म्हणजे उपनगरी रेल्वे, पकडली की जवळजवळ दारात. घसरगुंड्या, लाटांचा पूल, काचेच्या छताखाली ताडाची झाडं. पाणीही खरं थर्मल, म्हणजे जमिनीतूनच गरम येणारं आहे. 1983 मध्ये तिथे तेलासाठी खोदत होते आणि सुमारे 2,350 मीटर खोलीवर 65 अंशांचं पाणी लागलं. गंमत म्हणजे बाड फ्युसिंगची कथाही हीच, साल फक्त 1938. तिथेही तेल शोधायला गेले आणि सुमारे हजार मीटरवरून 56 अंशांचं गंधकयुक्त पाणी वर आलं. दक्षिण बव्हेरियाच्या पोटात चुनखडीचा एक पाणी धरून ठेवणारा थर आहे, आणि जितकं खोल जावं तितकं ते पाणी तापलेलं. म्युनिक शहरातल्या कित्येक घरांचे हीटरही आज याच पाण्याच्या उष्णतेवर चालतात. बाबांना ही माहिती फार आवडली. आपण ज्याला पाठ लावून बसतो तेच पाणी, म्हणाले.

पण शनिवारी एर्डिंगला अख्खं म्युनिक लोटतं. आरामखुर्ची सकाळी धरली नाही तर दिवसभर मिळत नाही, आणि बाबांना तर दर पंधरा मिनिटांनी आडवं पडायला जागा हवी. तिथे जहाजाच्या आकाराचं हॉटेलही आहे. वीकेंडचे दर पाहून जावयाने टॅब बंद केला.

उरलं बाड गास्टाइन, आणि इथे खरी ओढाताण झाली.

जावयाचं म्हणणं चुकीचं मुळीच नव्हतं. म्युनिकहून साल्झबर्गमार्गे तीनेक तासांत गाडी थेट गावात पोचते, समोर बर्फाचे डोंगर, गावाच्या मधोमध धबधबा, स्टेशनच्या शेजारीच फेल्झनथर्मं. बाहेरच्या पूलमध्ये बसून आल्प्स बघायचे. हिवाळ्याच्या वीकेंडबद्दल माणूस जे जे मनात धरतो ते सगळं तिथे आहे. जावयाला वर स्कीइंगचा एक दिवसही मिळाला असता.

अडचण उताराची होती. हजार मीटर उंचीवरचं हे गाव कड्याला चिकटून आहे. एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जायचं तर पायऱ्या, आणि फेब्रुवारीत त्या पायऱ्यांवर बर्फाचा काचेसारखा थर. आईंच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. रस्त्यालगत, सपाटीवर आणि स्वतःचं थर्मल पाणी असलेलं हॉटेल शोधलं तर जी एक-दोन नावं निघाली त्यांच्या दोन रात्रींच्या पैशांत फ्युसिंगला चार रात्री झाल्या असत्या. गास्टाइनचं पाणी रेडॉन या किरणोत्सारी वायूसाठी प्रसिद्ध आहे. जवळच्या ब्योकश्टाइनला, सोन्याच्या शोधात खणलेल्या जुन्या बोगद्यात लोक रेडॉनची हवा घ्यायला जातात. तो भाग डॉक्टरांनी तपासून पाठवायचा उपचार आहे, वीकेंडला सहज म्हणून करायची गोष्ट नाही. बाबांनी मात्र त्याबद्दल कुठेतरी वाचलं होतं आणि "आलोच आहोत तर" हे शब्द त्यांच्या तोंडून दोनदा आले होते. लेकीने मला नंतर सांगितलं की गास्टाइनवर तिची फुली त्या क्षणी पडली.

अशा वेळी माझं एक ठाम मत आहे. गटातल्या ज्या माणसाला सगळ्यात जास्त बंधनं आहेत, त्याच्या मापाने गाव निवडावं. बाकीचे कुठेही मजा करून घेतात. जावयाला हे पटायला दोन दिवस लागले. पटलं तेही गास्टाइनला पुढच्या हिवाळ्यात फक्त नवरा-बायकोने जायचं या अटीवर.

तारखेचा घोळ

बाड फ्युसिंग ठरलं आणि पहिली तारीख धरली ती नेमकी गर्दीच्या आठवड्यातली. त्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढलेले आणि बहुतेकांची किमान मुक्कामाची अट तीन किंवा चार रात्रींची. लेक तरीही नेटाने शोधत होती. शेवटी आईंनी कालनिर्णय काढलं. त्या शनिवारी संकष्टी होती.

जर्मन स्नानगावांतल्या हॉटेलांत हाफ बोर्ड (नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून मुक्काम) घेतला तर रात्रीचं जेवण संध्याकाळी साडेपाच-सहाला सुरू होतं आणि आठला स्वयंपाकघर आवरतं. चंद्रोदय त्या दिवशी त्याच्या बराच नंतर. आई चंद्र बघितल्याशिवाय जेवणार नाहीत, आणि चंद्र दिसेपर्यंत हॉटेलातला आचारी घरी पोचलेला असणार. ताट झाकून ठेवायला सांगू का, असं जावयाने विचारलं. आई म्हणाल्या, "त्या लोकांना कशाला त्रास? पुढच्या आठवड्यात जाऊ." पुढच्या आठवड्यात गर्दी ओसरली होती, दोन रात्रींचं बुकिंग मिळत होतं आणि दरही उतरले होते. लेकीने तीन संध्याकाळी लॅपटॉपवर घालवून जे जमवलं नव्हतं ते भिंतीवरच्या कॅलेंडरने जमवलं.

हॉटेल: फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी

बाड फ्युसिंग हे पासाऊ जिल्ह्यातलं सपाट गाव. इन नदी जवळ, पलीकडे ऑस्ट्रिया. डोंगर नाही, बर्फाची खात्री नाही, किल्ला नाही. तीन मोठी सार्वजनिक थर्मल स्नानगृहं आहेत आणि त्यांच्याभोवती हॉटेलंच हॉटेलं. गावाच्या नावाआधी "बाड" लावायला सरकारी मान्यता लागते, त्यामुळे पाण्याच्या अस्सलपणाची काळजी नव्हती. काळजी हॉटेलची होती. कारण "थर्मल हॉटेल" म्हणून जी नावं समोर येतात त्यांत तीन निरनिराळे प्रकार मिसळलेले असतात. काहींच्या स्वतःच्या पूलमध्ये खरं थर्मल पाणी असतं. काहींना सार्वजनिक स्नानगृहाशी जोडणारा बंद, गरम बोळ असतो, त्यातून बाथरोब घालून थेट जाता येतं. आणि काहींचा पूल म्हणजे साधं नळाचं पाणी तापवलेलं, थर्मल पाण्यासाठी कोट-बूट चढवून रस्त्याने चालत जा. फोटोत तिन्हींवर वाफ सारखीच दिसते.

दोन हॉटेलं उरली. पहिलं नव्याने सजवलेलं, चार तारे, लाकूड-दगडाची खोली, खिडकीशी गोल बाथटब. दुसरं तीन ताऱ्यांचं, तपकिरी फर्निचर, जिन्यावर फुलांचा गालिचा, आरक्षणाच्या पानावर निवृत्त जोडप्यांचे फोटो. लेकीचा कल अर्थातच पहिल्याकडे. मी सुचवलं की दोघांना एकच ईमेल पाठव. कुठल्या पूलचं पाणी किती अंश? पाण्यात उतरायला शिडी आहे की कठड्याच्या पायऱ्या? खोलीतून पूलपर्यंत लिफ्टने जाता येतं का? सौना कुठे सुरू होतो, पूलमध्ये बसलेल्याला तो भाग दिसतो का? मुलांना पूलमध्ये कुठल्या वेळेत परवानगी? आणि निघायच्या दिवशी खोली सोडल्यावर पूल वापरता येतो का?

पहिल्या हॉटेलने सुंदर माहितीपत्रक जोडून पाठवलं आणि "आमच्या वेलनेस विश्वात आपलं स्वागत आहे" असं लिहिलं. एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. परत विचारल्यावर कळलं की थर्मल पाणी रस्त्यापलीकडच्या स्नानगृहात, तिथल्या तिकिटावर सवलत.

दुसऱ्या हॉटेलचं उत्तर सहा ओळींचं होतं. आतला पूल 34 अंश, बाहेरचा 32, छोटा बसायचा पूल 36, तिन्ही थर्मल पाण्याचे. आतल्या पूलला दोन्ही बाजूंनी कठडे असलेल्या रुंद पायऱ्या. लिफ्ट पूलच्या मजल्यापर्यंत. सौना वरच्या मजल्यावर, वेगळ्या दाराआड. मुलं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. रविवारी खोली अकराला सोडायची, पूल मात्र थोडे पैसे भरून संध्याकाळपर्यंत, कपडे बदलायला कपाट मिळेल. शेवटी एक ओळ आपणहून घातलेली: पाण्यात गंधक आहे, चांदीचे दागिने काढून ठेवावेत.

मला विचाराल तर निवड त्या सहा ओळींनी झाली. तरी लेकीने एक हिशेब मांडून पाहिला: साधी स्वस्त खोली घ्यायची आणि सार्वजनिक स्नानगृहाची दिवसाची तिकिटं काढायची. कागदावर ते बरंच स्वस्त पडत होतं. पण बाबांचं पाणी म्हणजे पंधरा मिनिटं, मग अर्धा तास पलंग, मग परत पंधरा मिनिटं. दिवसभराच्या तिकिटावर ते करायचं तर गर्दीत खुर्ची राखत बसावं लागलं असतं, किंवा दर वेळी ओले केस घेऊन उणे तापमानात रस्ता ओलांडावा लागला असता. तीन ताऱ्यांच्या त्या हॉटेलचे जास्तीचे पैसे लिफ्टचे होते म्हणा.

आईंच्या कपड्यांचा प्रश्न शेवटच्या आठवड्यात सुटला. सुती टी-शर्ट किंवा लेगिंग घालून इथे पूलमध्ये उतरू देत नाहीत, पोहण्याच्या कापडाचेच कपडे लागतात. डेकॅथलॉनमध्ये गुडघ्यापर्यंतचा, अर्ध्या बाह्यांचा कॉश्च्युम मिळाला. हॉटेलला फोटो पाठवून चालेल ना, हे विचारून घेतलं. आईंनी तो घरी दोनदा घालून पाहिला, दार लावून.

प्रत्यक्षात

गाडीने गेले, ए-94 महामार्गाने, दोन तासांच्या आत-बाहेर. शुक्रवारी पोचायला सात वाजले आणि जेवणाची वेळ सांभाळण्याच्या धावपळीत पहिली संध्याकाळ संपली. दोन रात्रींच्या बुकिंगमध्ये हे असं होतंच. दुपारी चारला पोचता येत नसेल तर त्या पहिल्या रात्रीचे पैसे निव्वळ झोपेचे. शाकाहारी जेवणात शुक्रवारी चीज घातलेले श्पेट्झले (शेवयांसारखा प्रकार), शनिवारी मशरूमच्या रश्श्यातले क्न्योडेल (पावाचे उकडलेले गोळे). आईंनी सोबत आणलेली शेंगदाण्याची चटणी दोन्हींवर पडली.

शनिवारी सकाळी बाहेरच्या पूलवर इतकी वाफ होती की पलीकडची कडा दिसत नव्हती. हवा उणे चार. बाबा आतून दार ढकलून पाण्यातूनच बाहेर गेले आणि दोन मिनिटांत परत आले: डोकं गार पडलं. मग कानटोपी घालून गेले. राखाडी रंगाची, सांगलीहून आणलेली, हनुवटीखाली बंद असलेली. शेजारच्या जर्मन आजोबांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि ती कुठे मिळते असं विचारलं. जावई घड्याळ घेऊन कडेला उभा, पंधरा मिनिटं झाली की हाक मारायला. पहिल्या वेळी बाबांनी ऐकू न आल्याचं सोंग केलं. बाहेर आल्यावर कठडा धरून ते पायरीवर अर्धा मिनिट थांबले, डोकं हलकं झालं होतं. त्यानंतर हाक मारावी लागली नाही.

आई सर्वांत जास्त वेळ पाण्यात होत्या. पाण्यात गुडघ्यावर भार पडत नाही आणि ऊब मिळते, त्यामुळे आतल्या पूलच्या कठड्याने त्या इकडून तिकडे चालत राहिल्या, कुणाकडे न बघता. घरी जिना उतरताना आडवं पाऊल टाकणाऱ्या आई संध्याकाळी जेवायला लिफ्ट सोडून जिन्याने खाली आल्या. सोमवारपर्यंत गुडघे पुन्हा पहिल्यासारखे झाले, हेही सांगायला हवं. दोन दिवसांच्या पाण्याने सांधे बरे होत नाहीत. दोन दिवस सुखाचे जातात.

नात मात्र शनिवारी दुपारी तीनला कंटाळली. हॉटेलात दुसरं मूल नव्हतं, उडी मारायला मनाई, आणि सहानंतर पूल बंद. हे आधीच दिसत होतं, पण त्यावर काही योजना केली नव्हती. जावई तिला घेऊन पासाऊला गेला, अर्ध्या तासाच्या अंतरावर. डोनाऊ (डॅन्यूब), इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात त्या टोकावर जाऊन, तीन पाण्यांचे तीन रंग बघून, गरम चॉकलेट पिऊन दोघं परत आले. लेकीला तेवढे तीन तास कुणीही हाक न मारता झोपायला मिळालं. तिच्या मते वीकेंडचा हाच सर्वांत चांगला भाग.

चांदीची सूचना सगळ्यांनी वाचली होती. आईंनी पैंजण काढून ठेवले, जोडवी मात्र ठेवली. ती लग्नापासून काढलेली नाहीत. रविवारी दुपारी ती काळी ठिक्कर पडली. आईंना वाईट वाटू नये म्हणून कुणी काही बोलेना, आणि आईंना वाटत होतं अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. घरी आल्यावर जावयाने टबात ॲल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि सोसवेल इतकं कोमट पाणी घेतलं आणि आईंना पाय सोडून बसायला सांगितलं. आधी पैंजणांवर प्रयोग करायची गरज नव्हती, ते कोरडेच राहिले होते. जोडवी बऱ्यापैकी उजळली. कोपऱ्यांतला काळपटपणा राहिला, तो आईंनी दात घासायच्या जुन्या ब्रशने काढला.

खर्चावर घरात अजून एकमत नाही. लेकीच्या मते रविवारचे जास्तीचे पैसे भरायला नको होते, कारण दुपारी दोनलाच सगळे निघाले. बाबांच्या मते रविवारची सकाळच सगळ्यांत निवांत गेली, बाकीचे पाहुणे आवराआवरीत असताना 36 अंशांचा छोटा पूल त्यांना एकट्यांना मिळाला होता. नातीला दिलेला एर्डिंगचा शब्दही पाळायचा होता. मार्चमध्ये एका मंगळवारी, शाळा सुटल्यावर, लेक मुलीला एस-बानने तिकडे घेऊन गेली. आई-बाबा त्या दिवशी घरी थांबले.